मुलीला जंतूंवर संशोधन करायचंय? करू द्या!

“डॉक्टर, तुम्हीच जरा समजावा हिला. एमएस्सी झाली, आता पीएचडी करायची म्हणते. ती पण कशावर, तर जंतू माणसाच्या पेशीत शिरतो कसा यावर. औषध काढणार नाही, पेशंट बघणार नाही. मग उपयोग काय याचा?”

पिंपळीच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. पूर्वी पालक विचारायचे, मेडिकलला नंबर लागेल का? आता बारामतीच्या कॉलेजांतून सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली ऊसवाल्यांची, दूधवाल्यांची पोरंपोरी घरोघरी दिसतात. त्यातली एखादी संशोधनाकडे वळायचं म्हणते आणि घरात वाद सुरू होतो. मी डॉक्टर, म्हणून मी पालकांच्याच बाजूने बोलेन अशी त्यांची खात्री असते. तसं होत नाही. माझं मत आहे की मुलीला (किंवा मुलाला) खरी ओढ असेल तर तिला जाऊ द्यावं. हे मत भावनेपोटी नाही. मी रोज ज्या गोळ्या लिहून देतो आणि पेशंटला जे समजावून सांगतो, त्यातलं बरंचसं अशाच ‘उपयोग काय’ म्हणून हिणवलेल्या कामातून आलेलं आहे.

आपल्या पुण्याचंच उदाहरण सांगतो. कमल समर्थ नावाची मुलगी, जन्म ८ नोव्हेंबर १९१७. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील तिथेच जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी त्यांची इच्छा होती. मुलीने दोन्ही ऐकलं नाही! वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन तिने पदवी मिळवली. १९३९ साली जे. टी. रणदिवे या गणितज्ञांशी लग्न झालं. त्यानंतर, म्हणजे लग्नानंतर, १९४३ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एमएस्सी केली. विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींमधली गुणसूत्रं! आजचा बाप ऐकेल तर कपाळाला हात लावेल. पुढे मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करत १९४९ साली तिने पीएचडी मिळवली.

या डॉ. कमल रणदिवे. कॅन्सरवरच्या त्यांच्या कामाबद्दल अधूनमधून लिहून येतं, १९८२ साली पद्मभूषण मिळालं तेही अनेकांना ठाऊक असतं. पण त्यांनी कुष्ठरोगाच्या जंतूवर जे काम केलं त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आणि जंतू आणि पेशी यांचं नातं म्हणजे काय, हे समजून घ्यायला कुष्ठरोगासारखा दुसरा आजार नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली पाहिला. तेव्हा ते स्वतः ३२ वर्षांचेही नव्हते. त्यानंतर एकेका आजाराचे जंतू सापडत गेले, काचेच्या बशीत पोषक द्रव्य घालून ते वाढवता येऊ लागले, त्यांच्यावर औषधं तपासता येऊ लागली. कुष्ठरोगाचा जंतू मात्र बशीत वाढेना. तो आजही वाढत नाही. दीडशे वर्षं झाली! आपल्या आतड्यातला एखादा साधा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर या महाशयांना एकाचे दोन व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. आणि तेही जिवंत पेशीच्या आत बसूनच. पेशीबाहेर त्याचं काही चालत नाही. २००१ साली त्याच्या जनुकांचा पूर्ण नकाशा तयार झाला, तेव्हा त्यातली शेकडो जनुकं मोडीत निघाल्यासारखी, निकामी झालेली आढळली. दुसऱ्याच्या घरात राहून आयतं जेवणाऱ्याला स्वतःची भांडीकुंडी लागत नाहीत, तसा प्रकार.

म्हणजे या जंतूला समजून घ्यायचं तर माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत जिवंत ठेवता आल्या पाहिजेत. ही विद्या तेव्हा भारतात जवळपास नव्हती. रणदिवे ती शिकायला अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर अखंड वाढत राहिलेल्या पहिल्या मानवी पेशी, ज्यांना हेला पेशी म्हणतात, त्या १९५१ साली याच प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. (हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय बाईच्या त्या पेशी, तिला न विचारता घेतलेल्या. तो वेगळा आणि लाज वाटण्यासारखा विषय आहे.) परत आल्यावर रणदिवे यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पेशी-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली पहिली म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

मग खानोलकर, रणदिवे आणि बापट या तिघांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतले जंतू मानवी चेतापेशींच्या सोबतीने वाढवून पाहिले. चेतापेशीच का? कारण खानोलकरांनी अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे बारीक काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवलं होतं की हा जंतू त्वचेतल्या बारीक नसांमध्ये शिरतो. लोक याला कातडीचा आजार समजतात, पण मुळात हा नसांचा आजार आहे. १९५८ साली त्यांनी वाढवलेला जंतू जाहीर केला. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणतात.

आता नसेत काय घडतं ते पाहू. इथे नस म्हणजे रक्ताची नव्हे, स्पर्श, वेदना, गरम-थंड यांची खबर मेंदूला पोचवणारी. विहिरीवरच्या मोटारीची केबल डोळ्यांसमोर आणा. आत तार, वर कोटिंग. आपल्या नसेवरही असंच वेष्टण असतं आणि ते ज्या पेशी तयार करतात त्यांना श्वान पेशी म्हणतात. (कुत्र्याशी काही संबंध नाही. थिओडोर श्वान हे जर्मन शास्त्रज्ञ होते, त्यांचं नाव आहे.) कुष्ठरोगाच्या जंतूच्या अंगावर मेणासारखा एक खास पदार्थ असतो. श्वान पेशीच्या बाहेरच्या अस्तरात एक विशिष्ट प्रथिन असतं. किल्ली कुलपात बसावी तसा तो पदार्थ या प्रथिनाला बरोबर जुळतो. हे २००० सालच्या सुमारास उलगडलं. इतक्या साऱ्या पेशी सोडून हा जंतू नेमका नसेतच का घुसतो, या जुन्या प्रश्नाचं हे बरंचसं उत्तर होतं. पुढे २०१३ साली एडिंबरोच्या संशोधकांनी उंदरांच्या पेशींवर आणखी चमत्कारिक गोष्ट दाखवली. आत शिरलेला जंतू श्वान पेशीची ओळखच पुसून टाकतो आणि तिला मूळपेशीसारखं बनवतो, म्हणजे स्वतःचा प्रसार तिच्याकडूनच करून घेतो!

या सगळ्याचा तुमच्याशी काय संबंध, असं वाटलं असेल. संबंध असा की, घुसताना तो दुखवत नाही. नसेत शिरतो, म्हणून चट्टा दुखत नाही, खाजत नाही, फक्त बधिर होतो. आणि जे दुखत नाही त्यासाठी आपल्याकडे कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. ऊसतोडीला आलेला एखादा मजूर माझ्याकडे येतो तो बोट भाजल्याचं निमित्त होऊन. चुलीवरचं भांडं उचलताना भाजलं ते त्याला कळलंच नाही, बायकोने जखम दाखवली. विचारलं तर समजतं, दंडावर चट्टा दोन-तीन वर्षांपासून आहे. “शिबं असेल म्हणून सोडून दिलं.”

तर ओळखायचं कसं? फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर कापसाची वात फिरवली तर समजत नाही, तिथे घाम येत नाही, तिथले केस विरळ झालेत. कानाची पाळी जाड झालीय. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी हाताला लागते. करंगळी वाकडी व्हायला लागलीय. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. यातलं एकही असेल तर दाखवा. हा जंतू शरीराच्या थंड भागांत रमतो, म्हणून कान, नाक, कोपर. उलट, खूप खाज असेल तर तो बहुधा नायटा असतो. आणि पांढराशुभ्र, पण संवेदना शाबूत असलेला चट्टा हा कोड. त्याचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही, लोक उगाच घाबरतात.

उपचार सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. आजार किती पसरलाय त्यानुसार सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या. औषध सुरू झालं की थोड्याच काळात तो माणूस दुसऱ्याला लागण देण्याइतका संसर्गजन्य राहत नाही. घरातल्या इतरांनाही तपासून रिफाम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस देतात. आणि तुमच्या-आमच्यातल्या बहुतेकांच्या शरीरात या जंतूला हरवण्याची ताकद उपजतच असते, हे लक्षात ठेवा. तरी घटस्फोटाचं एक कारण म्हणून हा आजार आपल्या कायद्यात २०१९ सालापर्यंत लिहिलेला होता! औषध हाताशी आल्यावरही समाजाला शहाणं व्हायला इतकी वर्षं लागली.

त्या गोळ्यांतल्या क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते आणि लोक मधेच बंद करतात. काळेपणा औषध संपल्यावर हळूहळू जातो, बंद करू नका. हे औषध मुळात डब्लिनच्या संशोधकांनी १९५४ साली क्षयरोगासाठी तयार केलं होतं. क्षयरोगावर ते म्हणावं तसं चाललं नाही, कुष्ठरोगावर मात्र कामी आलं. त्या संशोधकांच्या घरीही कुणीतरी विचारलं असेलच, काय फायदा झाला म्हणून.

जंतू आणि पेशी यांचा अभ्यास झाला नसता तर आणखी एक गोष्ट आम्हा डॉक्टरांना समजली नसती. कुष्ठरोगात जंतू मेला म्हणजे काम संपलं असं नसतं. मेलेल्या जंतूचे तुकडे नसेत पडून राहतात. आपली प्रतिकारशक्ती उशिरा जागी होते आणि त्यांच्यावर तुटून पडते. भांडण नसेच्या आत, त्यामुळे मोडतोड नसेचीच. म्हणून गोळ्या व्यवस्थित चालू असताना, कधी कोर्स संपल्यावरही, चट्टे अचानक लाल होतात, नस दुखू लागते, हाताची ताकद जाते. पेशंटला वाटतं औषध उलटलं. खरं तर तो आपल्याच शरीराचा जोर असतो आणि त्याला आवरायला वेळेत स्टिरॉइड द्यावं लागतं. ‘स्टिरॉइड वाईट’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून जो ते घेत नाही, त्याचा पंजा कायमचा वाकडा होऊ शकतो. नस एकदा पूर्ण गेली की ती परत आणणारं औषध माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही. ते सापडलं तर श्वान पेशींचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या पोरीलाच सापडेल.

आता आयसीआरसी जंतूचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर मी फक्त गोड बाजू सांगतोय असं होईल. तो जंतू कुष्ठरोगाचा अस्सल जंतू निघाला नाही. त्याच्या गोत्यातला, दुसऱ्या एका गटातला ठरला. पण गोत्यातला असल्यामुळे त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती कुष्ठरोगाच्या जंतूलाही ओळखते, हे लक्षात आलं. त्याच मुंबईच्या संस्थेत डॉ. माधव देव यांच्या गटाने गॅमा किरणांनी मारलेल्या या जंतूंपासून लस बनवली. १९९० च्या दशकात तमिळनाडूत १ लाख ७१ हजारांवर लोकांवर वेगवेगळ्या लसींची तुलना झाली, तिचे निष्कर्ष १९९८ साली आले. आयसीआरसी लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं, बीसीजीने सुमारे ३४ टक्के. म्हणजे लस न घेता जिथे शंभर जणांना आजार झाला असता तिथे पस्तीस जणांना झाला. १९५८ ते १९९८, चाळीस वर्षं!

आणि तरीही ही लस तुमच्या-माझ्या दंडावर आली नाही. तोवर बहुऔषधी उपचारांनी रुग्ण झपाट्याने कमी होत गेले, २००५ च्या अखेरीस देशाने ‘दूरीकरण’ झाल्याचं जाहीर केलं, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. लोकांनी त्याचा अर्थ ‘आजार संपला’ असा घेतला. वास्तविक जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातले असतात. माझ्या मते लसीचा विषय तेव्हा इतका मागे पडायला नको होता.

कुष्ठरोग आपल्याला होणार नाही असं वाटणाऱ्यांसाठी अ‍ॅसिडिटीचं सांगतो, ती तर घरोघरी आहे. पोटातला अल्सर तिखटाने आणि काळजीने होतो असं आम्हाला शिकवणाऱ्यांनाही शिकवलं गेलं होतं. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल हा तिशीतला शिकाऊ डॉक्टर रॉबिन वॉरन यांच्याबरोबर जठराच्या अस्तराला चिकटलेले वळणदार जंतू बघत बसला. कुणी मनावर घेईना, तेव्हा १९८४ साली त्याने ते जंतू स्वतःच पिऊन टाकले आणि स्वतःला जठराची सूज आणून दाखवली. (असले प्रयोग तुम्ही करू नका.) २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आज अल्सरसाठी पोट कापायची वेळ क्वचितच येते, दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी काम होतं.

तुम्ही दवाखान्यात येऊन “कडक अँटिबायोटिक द्या” म्हणता तेव्हा मी नाही म्हणतो, त्यामागेही हाच विचार आहे. तुमच्या आतड्यात अब्जावधी जंतू तुमच्या पेशींशी गुण्यागोविंदाने राहतात. जंतू दिसला की मारा, असं करून चालत नाही. कुठला जंतू, कुठल्या पेशीशी कसा वागतोय, त्यावर ठरतं.

आता पालकांच्या बाजूचंही बोलतो, कारण त्यांची काळजी खोटी नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात. नेटमधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. कागदावर बरं दिसतं. पण हे पैसे महिनोन् महिने रखडतात, पोरं मित्रांकडून उसने घेऊन खोलीचं भाडं भरतात. शेतकऱ्याच्या मुलीला हे परवडणारं नसतं, आणि देशाने तिच्याकडून शोधांची अपेक्षा करायची तर तिचा पगार वेळेत देणं एवढं तरी करायला हवं. पीएचडीनंतर कायम नोकरी लगेच मिळेल याची हमीही नाही. हे मुलीला आधीच माहीत असू द्या. लपवू नका, पण घाबरवण्यासाठीही सांगू नका.

लग्नाचं म्हणाल तर रणदिवेबाईंच्या तारखा पुन्हा बघा. लग्न १९३९, एमएस्सी १९४३, पीएचडी १९४९. नवऱ्याने अभ्यासाला मनापासून साथ दिली. स्थळ बघताना शेती आणि बंगला विचारता, तसं हेही विचारत जा. निवृत्तीनंतर याच बाई नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या प्रश्नावर काम करत होत्या, त्यामुळे संशोधन करणारी मुलगी गावाला विसरते हेही खरं नाही.

मुलगी फार लांब जाईल अशी धास्ती असेल तर पुण्यातच विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, आयसर आहे, आघारकर संस्था आहे, विषाणूंसाठी एनआयव्ही आहे. परळचं ते जुनं केंद्र आता नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक म्हणून चालतं. बारामतीहून पुणे एसटीने काही तासांचं. प्रवेश घेण्याआधी मुलीबरोबर एकदा तिथे जाऊन या. मोठं नाव किंवा चकचकीत इमारत बघून ठरवू नका. ज्या मार्गदर्शकाकडे ती काम करणार आहे त्याच्या हाताखालचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आता कुठे आहेत, त्यांना फेलोशिप वेळेवर मिळाली का, मधेच सोडून किती जण गेले, हे त्या विद्यार्थ्यांनाच गाठून विचारा. कँटीनमध्ये चहा पिताना ते खरं सांगतात.